वाचकांचे प्रश्न : वैद्यकीय विद्यार्थ्यांचा ब्लॉग

प्रश्न : मी एका वैद्यकीय महाविद्यालयात औषधवैद्यकशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांच्या लॉगबुकमधील (शिकताना केलेल्या कामाच्या नोंदवहीतील) चिंतनपर नोंदी बहुधा परीक्षेच्या तोंडावर एकमेकांच्या वहीतून उतरवलेल्या असतात. त्याऐवजी त्यांच्याकडून ब्लॉग लिहून घेतल्यास उपयोग होईल का? आणि रुग्णांच्या गोपनीयतेचे काय?
— एक प्राध्यापिका

उत्तर : उपयोग होतो, मात्र त्याचे श्रेय ब्लॉगला कमी आणि नोंदीखाली वेळेवर उमटणाऱ्या शिक्षकाच्या उत्तराला अधिक द्यावे लागेल. 2019 पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या क्षमताधिष्ठित (प्रत्यक्ष काय करता येते, यावर भर देणाऱ्या) अभ्यासक्रमात काय घडले, त्यातून काय उमगले आणि पुढे काय करणार, या प्रश्नांच्या आधारे चिंतन लिहिणे अपेक्षित आहे. परंतु जी वही केवळ सहीसाठी पुढे केली जाते, तिच्यात कोणी मनापासून लिहील, ही अपेक्षाच फोल आहे.

समजा, एका विद्यार्थ्याने वॉर्डातील मधुमेही बाईंविषयी ‘औषधे नियमित घेत नाहीत’ एवढेच लिहिले. त्याखाली आपण ‘का घेत नाहीत, हे विचारलेत का?’ असे लिहिले, तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्या खाटेपाशी जाईल, आणि घरी फ्रिज नसल्याने इन्सुलिनची बाटली शेजारणीकडे ठेवावी लागते व ती कामावर गेली की तिच्या दाराला कुलूप असते, हे त्याला कळेल. केसपेपरवर या कुलपासाठी रकाना नसतो. ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या भांड्यात इन्सुलिन थंड राहते, हे एखादा सहाध्यायी लगेच खाली लिहू शकतो. वहीत ही सोय नाही.

वर्गातील दीडशे जणांना एकट्याने उत्तरे देणे अशक्यच, म्हणून पोस्टिंगच्या (वॉर्डातील प्रशिक्षणाच्या) एका तुकडीपासून सुरुवात करावी. नोंदींना गुण देऊ नयेत, असे माझे मत आहे. गुण आले की मजकूर गुळगुळीत होतो.

गोपनीयतेबाबत मात्र हयगय नको. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र किंवा वृत्तान्त त्याच्या परवानगीविना प्रसिद्ध करता येत नाही. परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये आणलेली नवी नियमावली, समाजमाध्यमांविषयीच्या सूचनांसह, त्याच महिन्यात स्थगित झाली आणि 2002 चे नियम पुन्हा लागू झाले. नाव गाळले की ओळख पुसली, असे विद्यार्थ्यांना वाटते. प्रत्यक्षात गाव, दाखल झाल्याची तारीख आणि दुर्मीळ आजार एवढ्यावरूनही तालुक्यातला माणूस ओळखू येतो, आणि एक्स-रेच्या कोपऱ्यातले नाव तर झाकायचे हमखास राहते. त्यामुळे ब्लॉग पासवर्डने बंद, तुकडीपुरता मर्यादित ठेवावा, छायाचित्रांना मनाई करावी आणि प्रत्येक नोंद आपल्या नजरेखालून गेल्यावरच इतरांना दिसेल, अशी व्यवस्था करावी. व्हॉट्सॲप ग्रुप हा याला पर्याय नव्हे, कारण तेथील मजकूर क्षणात पुढे पाठवला जातो.

या नोंदींवर पुढे शोधनिबंध लिहिण्याचा विचार असेल, तर संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आणि विद्यार्थ्यांची संमती लेखन सुरू होण्यापूर्वीच घ्यावी. समितीची मान्यता मागाहून सहसा मिळत नाही.