पीएम रूममध्ये खरी भीती कशाची?

प्रश्न : डॉक्टर, माझे मिस्टर सरकारी दवाखान्यात पीएम रूमला, म्हणजे पोस्टमॉर्टेमच्या खोलीत कामाला आहेत. फाडायचं, शिवायचं बरंचसं काम तेच करतात. घरी आले की सासूबाई दारातच आंघोळ घालायला लावतात आणि लेकरांना जवळ जाऊ देत नाहीत. मड्याच्या वासानं रोग लागतो म्हणतात. हे नाकाला निलगिरी लावलेला रुमाल बांधतात, तेवढ्यानं भागतं का?
– एक ताई, कागल

उत्तर : ताई, आधी लेकरांना बाबांजवळ जाऊ द्या. वासानं मळमळेल, डोकं धरेल, पण रोग वासातनं येत नाही. तो येतो हाताला कापल्यावर, डोळ्यातोंडात रक्त उडाल्यावर आणि फुफ्फुस कापताना किंवा कवटीवर करवत चालवताना जे बारीक कण हवेत उडतात ते श्वासात गेल्यावर. मेलेला माणूस खोकत नाही म्हणून टीबीची भीती संपली असं बऱ्याच जणांना वाटतं, पण फुफ्फुस दाबलं, कापलं की जंतू बाहेर येतातच, आणि बेवारस बॉडीला टीबी होता का नव्हता हे सांगणारं कुणीच नसतं. म्हणून प्रत्येक बॉडीला टीबी, कावीळ, एचआयव्ही आहे असं धरूनच काम करायचं.

रुमालानं फक्त वास कमी होतो. एन-95 मास्क पाहिजे, तोही नाकागालाला घट्ट बसणारा, दाढी वाढलेली असली तर तो नीट बसत नाही. डोळ्यांना गॉगल किंवा फेस शील्ड, प्लास्टिकचा एप्रन, गमबूट, आणि हातात दोन ग्लोव्हज, जमलं तर मध्ये न कापला जाणारा जाळीचा. खोलीत वारा खेळता पाहिजे, पाण्याचा पाईप जोरात मारायचा नाही, शिंतोडे उडतात.

कपडे तिथंच बदलावेत, आंघोळ तिथंच व्हावी. घरीच धुवायचे झाले तर वेगळे, गरम पाण्यात साबणानं धुवा, एवढं पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मिस्टरांना हिपॅटायटिस बी ची, म्हणजे रक्तातनं पसरणाऱ्या काविळीची लस दिली का ते आजच विचारा. तीन डोस असतात, पहिला, मग एक महिन्यानं, मग सहाव्या महिन्यात, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तात अँटीबॉडी तयार झाल्या का ते तपासायचं. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत असा कचरा हाताळणाऱ्यांना ही लस आणि धनुर्वाताची लस देणं दवाखान्यावर बंधनकारक आहे, त्यामुळं कंत्राटी असोत नाहीतर कायम, त्यांनी ती हक्कानं मागावी. हे काम करणाऱ्याला आपण गावात पाणी वेगळं देतो आणि साधी लससुद्धा वेळेत देत नाही, याचा मला फार राग येतो.

प्रश्न : पीएम झाल्यावर शिवताना सुई बोटात गेली. सोबतचे म्हणाले पिळून रक्त काढ, स्पिरिट ओत. पुढं काय करू?
– कंत्राटी कर्मचारी, गडहिंग्लज

उत्तर : भावा, तुला त्याच दिवशी फोन करून सांगितलं, पण इतरांसाठी इथंही लिहितो. पिळायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, स्पिरिट किंवा ब्लीच ओतायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं आणि लगेच वरिष्ठांना सांगून त्याची लेखी नोंद करायची. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं होईल तितक्या लवकर, शक्यतो दोन तासांत सुरू व्हावीत, 72 तासांनंतर सुरू करून उपयोग नसतो, आणि पुढं 28 दिवस न चुकता घ्यायची. एआरटी सेंटर (एचआयव्हीच्या उपचाराचं केंद्र) जवळ नसलं तरी कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांना गाठायचं. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं ही औषधं पुरवणं संस्थेची जबाबदारी आहे.

घाबरून जाऊ नको. एचआयव्ही असलेल्या जिवंत पेशंटची सुई टोचली तर तो होण्याचं प्रमाण हजारात साधारण 3, पण हिपॅटायटिस बी असलेल्याची टोचली आणि लस नसेल तर त्याचं शंभरात 6 ते 30. लस घेतली नसेल तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) आणि लसीचा पहिला डोस 24 तासांच्या आत घेतलेला बरा. बॉडी फ्रीजमध्ये होती म्हणून निवांत राहू नये, दोन आठवडे थंडीत ठेवलेल्या बॉडीतसुद्धा एचआयव्ही जिवंत सापडलेला आहे. व्हिएन्नात 1847 साली कोलेच्का नावाचे प्राध्यापक शवविच्छेदनात बोटाला विद्यार्थ्याचा चाकू लागून दगावले, तेव्हा ना हिपॅटायटिसची लस होती ना अँटिबायोटिक. आज दोन्ही आहेत, फक्त वेळेत पोचायला पाहिजे.

आणि पुढच्या वेळी टेबलावर एका वेळी एकाच्याच हातात ब्लेड असू दे, कापलेल्या बरगड्यांच्या टोकांवर टॉवेल टाक, त्या सुईइतक्याच टोचतात.

प्रश्न : 2019 आणि 2021 च्या पुरात आम्ही पोरांनी बॉड्या बाहेर काढल्या. बॉड्यांमुळं साथ येते का?
– रेस्क्यू पथक, शिरोळ

उत्तर : पुरात बुडून गेलेल्यांच्या बॉड्यांमुळं सहसा साथ येत नाही. उचलताना ग्लोव्हज घाला, नंतर हात साबणानं धुवा. पंचगंगेच्या पुराच्या पाण्यातनं येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची (लेप्टोची) भीती जास्त, उंदराच्या मुतातले जंतू पायाच्या जखमेतनं शिरतात. तेव्हा गमबूट घाला, जखम झाकून पाण्यात उतरा, आधी डॉक्टरांना लेप्टो टाळायच्या डॉक्सीसायक्लिन या गोळीबद्दल विचारा, आणि पुढच्या महिनाभरात ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल झाले तर पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे त्यांना आपणहून सांगा.