फॉरमॅट मारायच्या आधी डाटा बाहेर काढा

प्रश्न : सर, नमस्कार. खानापुरात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. कॉम्प्युटर जुना, १ टीबीची हार्ड डिस्क, तिच्यातच विंडोज आणि तिच्यातच सगळ्या फाईली. हल्ली काय व्हायलंय, काम करता करता सगळं अडकतंय, माऊस तेवढा हलतोय पण क्लिक लागत नाही, कॅबिनेटवरचा दिवा जळतच राहतोय आणि मग आपोआप सुटतंय. काही जुन्या लग्नपत्रिका कोरलमध्ये उघडल्या की हमखास. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के. मागं असंच झालं तेव्हा दुरुस्तीवाल्यानं फॉरमॅट मारून दिला, थोडे दिवस छान चालला. आता परत फॉरमॅटच मारू म्हणतोय, वर रॅम वाढवा म्हणतोय. श्रीलिपी, नुडी ही मराठी-कन्नड टायपिंगची सॉफ्टवेअरं, सगळं परत घालायचं म्हणजे लग्नसराईत दुकान बंद ठेवायचं की ओ. काय करू?

उत्तर : फॉरमॅट नको, आणि रॅमचे पैसेपण आत्ताच घालू नका. तुमच्या पत्रातच निम्मं उत्तर आलंय. रॅमचा घोटाळा असता तर बहुतेक वेळा निळा स्क्रीन आला असता नाहीतर कुठलाही प्रोग्रॅम कधीही उडाला असता, मशीन जास्त तापत असतं तर सगळंच हळू झालं असतं नाहीतर सरळ बंद पडलं असतं. तुमच्याकडं ठराविकच फाईली उघडल्या की अडकतंय, दिवा जळत राहतोय आणि मग सुटतंय, म्हणजे प्रोसेसर रिकामा बसलाय आणि डिस्ककडनं उत्तर यायची वाट बघतोय.

डिस्कवरचा एखादा सेक्टर, म्हणजे डाटा ठेवायचा छोटा कप्पा, वाचता आला नाही तर डिस्क लगेच नाही म्हणत नाही, तोच तोच सेक्टर परत परत वाचून बघते, आणि विंडोजपण साधारण ६० सेकंद तिची वाट बघायला तयार असतं. तेवढा वेळ तुम्ही आणि तुमचं गिऱ्हाईक दोघंही ताटकळत. असा सेक्टर डिस्क 'पेंडिंग' म्हणून नोंदवून ठेवते, आणि त्याच्यावर परत काही लिहिलं गेलं की मगच ठरवते, हा चालतोय का याला बाद करून राखीवातला दुसरा द्यायचा. आता बघा, पूर्ण फॉरमॅट मारून वर विंडोज घातलं की सगळीकडं लिहिलं जातं, पेंडिंगचा आकडा खाली येतो, मशीन पळायला लागतं आणि बिल हातात. डिस्क आतनं झिजलेली ती झिजलेलीच. दुरुस्तीवाला फसवायलाय असं मी म्हणत नाही, त्यालाही चालू झालेलंच दिसतं, पण डिस्कची तब्येत न बघता फॉरमॅट मारणं मला अजिबात पटत नाही.

तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या. त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघायच्या, म्हणजे बाद केलेले, पेंडिंग आणि न सुधारता येणारे सेक्टर. सी५ आणि सी६ शून्य असायला पाहिजेत. ०५ मध्ये थोडा आकडा असून तो तिथंच थांबलेला असेल तर लगेच घाबरू नका, पण रोज वाढायला लागला तर डिस्क चालली. एक गंमत लक्षात ठेवा, शेवटच्या रकान्यातले आकडे मुळात हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत असतात, तिथं १० दिसलं तर ते १६ समजायचं. फंक्शन मेनूत ॲडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, तिथनं साध्या आकड्यांत करून घेता येतं. शिवाय विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे मशीनमधल्या घडामोडींच्या नोंदवहीत, सिस्टिमच्या यादीत 'डिस्क' नावानं ७ नंबरची नोंद सापडली तर तो बॅड ब्लॉक, १५३ म्हणजे वाचायचा किंवा लिहायचा परत प्रयत्न केला. अडकल्याची वेळ आणि नोंदीची वेळ जुळली की वाद संपला.

आता खरं काम. चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन, आधी चालवू नका. /r हा पर्याय लावून चालवलं की ते अख्खी डिस्क वाचत बसतं, १ टीबीला तासन्‌तास, आणि आजारी डिस्कला तेवढं सोसत नाही. आधी बाहेरची यूएसबी डिस्क लावा आणि महत्त्वाचं तेवढं काढा : चालू पत्रिका, गिऱ्हाइकांच्या फाईली, फॉन्टचं फोल्डर, हिशेब. सगळी डिस्क एकदम माऊसनं ओढून टाकू नका, एका खराब फाईलवर सगळंच अडकतं. विंडोजमधली रोबोकॉपी ही कॉपी करायची कमांड जमत असेल तर आर (किती वेळा परत प्रयत्न) आणि डब्ल्यू (मधे किती सेकंद थांबायचं) दोन्ही १ वर ठेवा, कारण न सांगता सोडलं तर एकेका फाईलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करायची त्याची तयारी असते, तेही दर वेळी ३० सेकंद थांबून. मधेच टक टक आवाज यायला लागला तर तिथंच बंद करा आणि डाटा खरंच लाखमोलाचा असेल तर पुण्या-बेंगळुरूच्या रिकव्हरी लॅबला द्या. झाकण उघडायचं नाही. फ्रीजमध्ये ठेवायचा जुना उपाय कोणी सांगितला तर हसून सोडून द्या, आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर आत पाणीच धरायचं.

मग एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी नव्या जातीची डिस्क, घ्या. डिस्क अजून बऱ्यापैकी वाचत असेल तर क्लोन करा, जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नवीवर, म्हणजे श्रीलिपी-नुडी परत घालायचा ताप वाचतो. क्लोनझिला वापरणार असाल तर रेस्क्यू पर्याय लावा, नाहीतर पहिल्याच खराब सेक्टरवर थांबतंय. श्रीलिपीचं डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला लावायची यूएसबी किल्ली, असेल तर ते जपा. आणि खानापूर भागात पावसात लाईट कशी खेळते ते तुम्हाला मी काय सांगणार, लिहिता लिहिता करंट गेला की फाईली बिघडतात, तेव्हा यूपीएस घ्याच. जुनी डिस्क कामाला ठेवू नका, गाणीबिणी ठेवायलापण नको.

प्रश्न : निपाणीहून लिहितोय. टॅलीसाठी मशीनला नवीन एसएसडी घातला तरी मधनंच अर्धा मिनिट अडकतंय. क्रिस्टलडिस्कइन्फोत बाकी सगळं बरोबर आहे, सी७ चा आकडा तेवढा वाढायलाय. एसएसडी खराब निघाला काय?

उत्तर : बहुतेक नाही. सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वायरवर डाटा बिघडल्याची मोजणी, तेव्हा आधी साटा केबल बदला, ती स्वस्तात मिळते. काम चालू ठेवायच्या आधी टॅलीचा बॅकअप पेनड्राईव्हवर घ्या. केबल बदलताना मदरबोर्डचा पोर्टपण दुसरा घ्या आणि टोकं नीट खट्‌कन बसलीत का बघा, धूळ झाडताना ती हमखास सैल होतात. हा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून आजचा लिहून ठेवा आणि आठवड्यानं परत बघा. तेवढाच राहिला तर झालं, वाढला तर मशीन दाखवून आणा आणि वॉरंटीचं बिल बरोबर न्या.