ब्रश शिकणाऱ्या मुलीच्याच हातात राहू द्या

प्रश्न : मी गेली आठ वर्षे नेल टेक्निशियन म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणारे ग्राहक समाधानी असतात. चार महिन्यांपूर्वी सलूनच्या मालकीणबाईंनी तीन नव्या मुलींना शिकवण्याची जबाबदारी माझ्यावर सोपवली. मी करून दाखवते तेव्हा त्या माना डोलावतात. स्वतः करायला बसल्या की ॲक्रिलिक (पावडर आणि लिक्विड मिसळून केलेला नखांचा लेप) क्युटिकलवर, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेवर ओघळते, नाहीतर जेल (लॅम्पच्या प्रकाशात घट्ट होणारा लेप) चार दिवसांत सुटते. अशा वेळी मला राहवत नाही आणि मी ब्रश त्यांच्या हातातून काढून घेते. चांगल्या प्रशिक्षकाच्या अंगी कोणते गुण असावे लागतात, आणि ते माझ्यात येतील का?
– एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रातले ‘मला राहवत नाही’ हे तीन शब्द मी दोनदा वाचले. चांगल्या कारागिराला चुकीचे काम डोळ्यांसमोर होताना बघवत नाही, हे स्वाभाविकच आहे. पण तुम्ही ब्रश घेऊन नख दुरुस्त करता तेव्हा नख सुधारते आणि मुलगी आहे तिथेच राहते. उत्तम काम करणे आणि उत्तम शिकवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. पहिले आठ वर्षांत तुम्ही मिळवले आहे. दुसऱ्याची सुरुवात मात्र पहिले थोडे उलगडून पाहण्यापासून करावी लागते.

ॲक्रिलिकचेच उदाहरण घ्या. तुम्ही ब्रश लिक्विडमध्ये बुडवता, वाटीच्या काठावर त्याची एक बाजू निथळवता, टोक पावडरीला टेकवता, मणी तयार होतो आणि तो नखावर बसतो. हे सगळे दोन-तीन सेकंदांत उरकते आणि त्यात किती निर्णय दडले आहेत, याची तुम्हालाही आता जाणीव राहिलेली नाही. लिक्विड जास्त झाले तर मणी पाण्यासारखा पसरून कडेच्या त्वचेवर जातो. कमी झाले तर तो खरखरीत राहतो आणि नखाला नीट धरत नाही. मुलींना तुमचा हात दिसतो, पण हे निर्णय दिसत नाहीत. म्हणून एकदा स्वतःच्याच नखावर अगदी सावकाश काम करा आणि प्रत्येक हालचाल मोठ्याने बोलून दाखवा. मग हात मागे बांधल्यासारखे बसा आणि केवळ शब्दांनी एका मुलीकडून तो मणी करून घ्या. जिथे शब्द अपुरे पडतील, तिथे तुमचे शिकवणेच अपुरे पडत होते असे समजावे. शिकवणाऱ्याचा हा पहिला गुण, आणि माझ्या मते तोच सर्वांत दुर्मीळ.

दुसरा गुण म्हणजे चूक कशामुळे झाली, हे शोधण्याची चिकाटी. ‘तुझे जेल सुटते, प्रेप (लेप लावण्यापूर्वीची नखाची तयारी) नीट कर’ एवढे सांगून भागत नाही. जेल कुठून सुटले हे आधी पाहावे लागते. क्युटिकलच्या बाजूने सुटले असेल, तर नखाला चिकटलेला मृत त्वचेचा पातळ पापुद्रा राहून गेला असेल किंवा जेल त्वचेवर चढले असेल. टोकाकडून सुटले असेल, तर नखाच्या टोकाची कड जेलने बंद करायची राहिली असण्याची शक्यता मोठी. सगळा थर एकाच पापुद्र्यासारखा निघाला, तर नखावर तेलकटपणा किंवा धूळ होती का, आणि लॅम्प त्या जेलसाठी योग्य होता का, हे तपासावे.

याबाबतीत माझी स्वतःची एक चूक सांगते. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीचे काम फक्त अंगठ्यांवरच सुटत असे. मी दोन आठवडे तिच्याकडून प्रेप पुन्हा पुन्हा करून घेतली, एकदा तर सर्वांसमोर बोललेही. शेवटी मीच ग्राहकाच्या खुर्चीवर बसले आणि तिला माझ्या नखांवर काम करायला लावले. पाचही बोटे एकदम लॅम्पमध्ये घातल्यावर माझ्या लक्षात आले, की अंगठा आडवा पडतो, त्याचे नख भिंतीकडे वळते आणि प्रकाश त्यावर सरळ पडतच नाही. अंगठे वेगळे क्युअर करायला, म्हणजे लॅम्पमध्ये वेगळे धरून जेल घट्ट करायला सांगितल्याबरोबर तक्रार थांबली. तिची प्रेप पहिल्यापासून चांगलीच होती. तेव्हापासून कोणाला रागावण्याआधी मी ग्राहकाच्या खुर्चीत बसून पाहते.

तिसरी गोष्ट ज्ञानाची. कृतीमागचे कारण ज्याला माहीत नाही, तो केवळ सवयी शिकवतो. हाताचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढते आणि पूर्ण नवे यायला सुमारे सहा महिने लागतात. तेव्हा फाइलने नख पातळ केले, तर ती इजा पुढच्या भेटीपर्यंत भरून निघत नाही, वाढून कापली जाईपर्यंत ती ग्राहकासोबतच राहते. हे एकदा समजावून सांगितले की मुली आपोआप फाइलवरचा जोर कमी करतात. जेलचा जाड थर लॅम्पमध्ये घट्ट होताना उष्णता सोडतो, म्हणून बोट भाजल्यासारखे होते. हे ठाऊक असलेली मुलगी थर पातळ ठेवते आणि चटका बसला तर हात लगेच बाहेर काढायला ग्राहकाला आधीच सांगून ठेवते.

संयम हवा हे सगळेच सांगतात. तो कुठे ठेवायचा नाही, हेही प्रशिक्षकाला कळले पाहिजे. नक्षी वाकडी आली, आकार दोन बोटांवर सारखा नाही, वेळ दुप्पट लागला, यांवर हसून पुढे जावे. मात्र कच्चे जेल त्वचेला लागले आणि मुलीने ते तसेच ठेवून हात लॅम्पमध्ये घातला, तर तिथे काम थांबवलेच पाहिजे. या जेलमधल्या ॲक्रिलेट गटातल्या रसायनांची ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते, आणि दातांच्या काही भरणांत याच कुटुंबातली द्रव्ये असल्यामुळे तिचा त्रास नखांपुरता उरेलच असे नाही. रोज हाताळणाऱ्या टेक्निशियनला हा धोका ग्राहकाहून अधिक असतो. लॅम्पमध्ये हात जाण्यापूर्वी नखाच्या कडेची त्वचा पुसलेली असलीच पाहिजे, या नियमाला माझ्याकडे अपवाद नाही.

नकार द्यायला शिकवणे हाही याच कडकपणाचा भाग आहे. नख जाड, पिवळे, भुगा होणारे दिसले, त्याखाली हिरवट डाग असला किंवा नखात नव्याने गडद उभी रेघ उमटली असली, तर त्यावर रंग चढवायचा नाही आणि रोगाचे नावही आपण ठरवायचे नाही. ग्राहकाला डॉक्टरांकडे जाण्यास सांगायचे. हे वाक्य ग्राहकाला न घाबरवता आणि न दुखावता कसे म्हणायचे, याचाही सराव मुलींकडून करून घ्यावा. बहुतेक अभ्यासक्रमांत यावर एक ओळ असते. माझ्या मते त्यावर अर्धा दिवस द्यायला हवा.

तुमच्यात हे येईल का, असे तुम्ही विचारले आहे. ज्या अर्थी तुम्हाला स्वतःची खोड दिसली, त्या अर्थी यायला हरकत नाही. पुढचा महिनाभर एवढेच करा : मुलगी काम करत असताना तुमचे दोन्ही हात टेबलाखाली ठेवा.

प्रश्न : मला नेल एक्सटेन्शन शिकायचे आहे. प्रशिक्षक निवडताना काय पाहावे?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : प्रशिक्षकाने स्वतः केलेल्या नखांचे फोटो बाजूला ठेवा आणि तिच्या विद्यार्थिनींची नखे पाहा, तीही तीन आठवड्यांनंतरची. ताजे काम सगळ्यांचेच देखणे दिसते. एका वेळी ती किती जणींना शिकवते आणि प्रत्येकीला खऱ्या हातावर काम करायला मिळते की केवळ प्लॅस्टिकच्या टिप्सवर, हे विचारा. एक्सटेन्शन काढायला ती किती वेळ देते, हेही जरूर विचारा, कारण नखांचे मोठे नुकसान बहुधा घाईने ओढून काढतानाच होते. शेवटी धातूची अवजारे कशी निर्जंतुक केली जातात ते पाहा. निळ्या प्रकाशाच्या पेटीकडे बोट दाखवले गेले तर सावध व्हा : ती पेटी स्वच्छ अवजारे ठेवायला ठीक आहे, निर्जंतुक करण्यासाठी तिच्यावर विसंबता येत नाही. अवजारे आधी धुऊन मग ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) 121 अंश सेल्सिअसला किमान 15 मिनिटे ठेवली जात असतील, तर बाकीच्या शिस्तीबद्दलही आशा बाळगायला जागा आहे.

प्रश्न : मी डावखुरी आहे. उजव्या हातानेच शिकावे लागेल, असे मला सांगण्यात आले. हे खरे आहे का?

उत्तर : मुळीच नाही. लॅम्प, धूळ ओढणारे यंत्र आणि ब्रश उजवीकडून डावीकडे हलवा. ड्रिल मशीनला उलट फिरण्याचे बटण असते. तुम्ही त्या दिशेने काम करा. प्रशिक्षकाला मात्र तुमच्या शेजारी बसण्याऐवजी समोर बसून दाखवायला सांगा, म्हणजे तिचा उजवा हात तुम्हाला आरशातल्यासारखा दिसेल.