टर्बो गाडीचं इंजिन माउंट पुन्हा पुन्हा का तुटतं?

तुमची गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी, इंजिन आडवं बसवलेलं, रिमॅप केलेलं (संगणकाची सेटिंग बदलून ताकद वाढवलेलं) टर्बो, आणि उजवं माउंट, म्हणजे इंजिनाला गाडीच्या सांगाड्यावर धरून ठेवणारा रबर-धातूचा आधार, बदललं की काही महिन्यांत परत फाटतं. मी तुमच्या जागी असतो तर नवं माउंट मागवण्याआधी तुटलेलं नीट बघितलं असतं. रबर फुगून मऊ, चिकट झालं असेल तर वरून तेल ठिबकतंय. कडक होऊन बारीक भेगा पडल्या असतील तर उष्णता. टर्बोजवळचं हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) जागेवर आहे का बघा. रबर चांगलं असून धातूपासून सोलून निघालं असेल, तर त्यावर वाजवीपेक्षा जास्त भार येतोय.

माझा संशय या शेवटच्या शक्यतेवर आहे. समजा इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) 400 न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचं गुणोत्तर 3.5 आणि फायनल ड्राइव्हचं, म्हणजे चाकांआधीच्या शेवटच्या गिअरजोडीचं, 3.7. तिन्हींचा गुणाकार केला तर चाकांवर सुमारे 5,180 न्यूटन-मीटर जातात. आडव्या इंजिनात डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा भाग) गिअरबॉक्सलाच जोडलेलं असतं, म्हणून तेवढाच उलटा पीळ सगळी माउंट मिळून सोसतात. त्यातला मोठा वाटा खालच्या टॉर्क रॉडचा, म्हणजे इंजिनाला पुढे-मागे झुकू न देणाऱ्या दांड्याचा. त्याचं बुश (टोकाचं रबर) गेलं की तो भार उजव्या माउंटवर पडतो, आणि ते कितीही वेळा बदला, तुटणारच. गिअरबॉक्सखालचं माउंटही तपासा.

बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा. आत बसलेल्याने ब्रेक गच्च दाबून आधी पुढचा, मग रिव्हर्स गिअर टाकायचा आणि किंचित रेस द्यायची. तुम्ही बाजूला उभे राहा, गाडीसमोर अजिबात नको. इंजिन एकीकडे झटक्याने उचललं गेलं तर कोणतं माउंट सैल आहे ते तिथेच दिसतं.

बसवण्याची पद्धत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बोल्ट घालताना पहार लावून इंजिन सरकवावं लागत असेल तर थांबा: ब्रॅकेट किंवा सबफ्रेम (इंजिनाखालची लोखंडी चौकट) वाकली असेल. सगळं सरळ असेल तर सर्व बोल्ट सैल ठेवून इंजिन आपल्या वजनाने बसू द्या, मग मॅन्युअलमधल्या क्रमाने आणि टॉर्कने आवळा. आधीच पिळलेलं रबर पहिल्या दिवसापासून फाटू लागतं.

पॉलियुरेथेनचं कडक माउंट लगेच घेऊ नका. मूळ दोष तसाच राहतो आणि कंप केबिनमध्ये येतो.

तोवर जोरात गाडी काढू नका. 1971 मध्ये जनरल मोटर्सने सुमारे 67 लाख शेवरोले गाड्या माउंटपायीच परत बोलावल्या, कारण इंजिन उचललं जाऊन थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) उघडा अडकू शकत होता. आज बहुतेक गाड्यांत थ्रॉटलची केबल नसते, पण उसळणारं इंजिन होस, वायरिंग आणि ड्राइव्ह शाफ्ट ओढतंच.