वाचकांचे प्रश्न : उन्हाळी सुट्टीतील दुपारी मुलांना कशात रमवावे?

प्रश्न : आम्ही अकोल्यात तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत राहतो. मुलगी अकरा वर्षांची आणि मुलगा सात वर्षांचा आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे दिवसभर मुलांजवळ माझ्या सासूबाई असतात. सकाळी आणि संध्याकाळी मुले खाली खेळतात, परंतु साडेदहानंतर उन्हामुळे घरात यावेच लागते आणि मग दोघांच्या हाती मोबाइल येतो. तो काढून घेतला की भांडणे सुरू होतात आणि ‘आता काय करू?’ असे विचारून मुले आजीला भंडावून सोडतात. सासूबाईंच्याने आता हे होत नाही. काय करावे?
— एक वाचक, अकोला

उत्तर : मुलांना मैदानावर पाठवा, हा नेहमीचा सल्ला मे महिन्यातल्या अकोल्यात कामाचा नाही. पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा अकरा ते पाच मुले घरातच असली पाहिजेत, आणि विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडत असल्याने अशा दुपारीही अधिक असतात. म्हणून प्रश्न या सहा तासांचाच आहे. ते सगळे तास मुलांचे मन रमवण्याची जबाबदारी आजींवर टाकू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. मुलांना घराच्या खऱ्या कामात सामील करून घ्यावे आणि मोठ्यांशिवाय चालू राहील असा एखादा खेळ त्यांच्या हाती द्यावा. त्यानंतर आजींनी पलंगावर आडवे पडून नुसते लक्ष ठेवले तरी पुरते.

कामांमध्ये मी वाळवणाला पहिले स्थान देईन. या वर्षी शेरभर गव्हाच्या का होईना, पण कुरडया घरी करा. गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि रोज पाणी बदलायचे, ही जबाबदारी पूर्णपणे मुलीकडे सोपवा. तारीख-वार लिहून ठेवायला तिला एक वही द्या. गहू वाटून गाळलेला चीक रात्रभर पातेल्यात ठेवला की पांढरा साका तळाशी बसतो आणि वर निवळ पाणी राहते. हे पाणी तळ न ढवळता हलकेच ओतून काढणे हे फार नाजूक काम असते आणि अकरा वर्षांची मुलगी ते मन लावून करते. चीक शिजवणे आणि तो गरम असताना सोऱ्यात भरणे मात्र मोठ्यांनीच करावे, म्हणून हा बेत रविवारी पहाटे ठेवावा. धाकट्याला वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून द्यावा आणि ऊन चढेपर्यंत गच्चीवर कावळे-चिमण्या हाकलण्याचे काम त्याच्याकडे द्यावे. आपण केलेली कुरडई पाहुण्यांच्या पानात वाढली जाते तेव्हा मुलांना जे वाटते, ते कोणत्याही विकतच्या खेळण्याने वाटत नाही.

खेळांमध्ये पत्ते आहेतच. बदाम सात आणि झब्बू सात वर्षांच्या मुलालाही सहज जमतात. परंतु दोघांच्या वयात चार वर्षांचे अंतर आहे, म्हणून मी चल्लस आठ सुचवेन. फरशीवर खडूने पाच बाय पाच, म्हणजे पंचवीस घरे आखायची. मधल्या घरावर आणि चारही कडांच्या मधल्या घरांवर फुली मारायची. चिंचोके खरबरीत दगडावर घासून दुभागायचे आणि त्यांतली चार शकले फासे म्हणून घ्यायची. जितक्या पांढऱ्या बाजू वर येतील तितके दान. चारही पांढऱ्या आल्या तर चार, चारही काळ्या आल्या तर आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा खेळायला मिळते. फुलीवरची सोंगटी मारता येत नाही आणि प्रतिस्पर्ध्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत शिरता येत नाही. घरोघरी नियम थोडे बदलतात, तेव्हा ते आजींनाच विचारा; त्यांच्या माहेरी कसे खेळत असत ते ऐकण्यात मुलांची एक दुपार आनंदात जाईल. या खेळात दान नशिबाने पडते, पण कोणती सोंगटी हलवायची हे डोक्याने ठरवावे लागते, त्यामुळे धाकटाही ताईला हरवू शकतो. चिंचोके घासण्यातही मुले बराच वेळ गुंतून राहतात.

एक दिवस मात्र भर दुपारी गच्चीवर जावे. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने येथे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. दुसऱ्या वेळी, जुलैमध्ये, बहुधा आभाळ भरलेले असते. मे महिन्यातली संधी मात्र सहसा चुकत नाही. अकोल्यात ती २३ मेच्या सुमारास, दुपारी बारा वाजून वीस मिनिटांच्या आसपास येते. आठवडाभर आधीपासून घरातच, खिडकीतून ऊन येते तेथे, एक पेन्सिल उभी करून रोज ठरावीक वेळी सावलीच्या टोकाशी खूण करायला सांगा. त्या दिवशी टोपी आणि चपला घालून, पाणी पिऊन, दहा मिनिटांपुरते वर जा, पाण्याचा पेला सपाट जागी उपडा ठेवून पाहा आणि खाली येऊन कैरीचे पन्हे प्या.

मोबाइलबद्दल थोडक्यात सांगतो. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या मुदतीपुरता तो द्यावा, आणि त्या वेळा मोठ्यांनीही पाळाव्यात. पहिले तीन-चार दिवस मुले कुरकुरतील, ‘कंटाळा आला’ म्हणून मागे लागतील. त्या वेळी लगेच नवा उद्योग शोधून देऊ नका. थोडा वेळ लोळू द्या, मग ती स्वतःच काहीतरी काढून बसतात. मुलीला वाचनाची आवड असेल तर बालभारती १९७१ पासून काढत असलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्यांतली एखादी गोष्ट तिने रोज धाकट्याला मोठ्याने वाचून दाखवावी.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या नातवाला सुनेने पोहणे, चित्रकला आणि बुद्धिबळ अशा तीन शिबिरांत घातले आहे. मुलगा दमतो, पण ‘सुट्टी वाया जाऊ नये’ असे तिचे म्हणणे आहे. मी काही बोलावे का?
— एक आजी, ठाणे

उत्तर : जरूर बोलावे, मात्र नातवासमोर नको. तीनपैकी कोणते ठेवायचे ते त्यालाच निवडू द्यावे, असे सुनबाईंना सुचवा. माझे मत विचाराल तर पोहणे ठेवावे, कारण ते एकदा अंगी आले की जन्मभर विसरत नाही. फक्त तलावावर जीवरक्षक हजर असतो का आणि एका प्रशिक्षकाकडे किती मुले आहेत, हे कोणीतरी स्वतः जाऊन पाहून यावे. उरलेल्या वेळात आपण त्याला घेऊन बसू शकाल, हेही सुनबाईंना सांगा. बहुतेक वेळा आईला चिंता असते ती मुलाकडे कोण पाहणार याचीच.