वाचनालयाची सवय परत लावायचीय

प्रश्न: वय ६४, नुकतीच मुलाकडे ठाण्याला राहायला आलेय. लहानपणी गावच्या वाचनालयात रोज पुस्तक बदलायचे, मग संसारात सगळं सुटलं. मुलगा म्हणतो मोबाईलवर वाच, पण त्यात मन रमत नाही हो. काय करू?

उत्तर: ताई, तुम्ही अगदी योग्य गावात आलात! ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे, मुंबईच्या ग्रंथसंग्रहालयापेक्षाही पाच वर्षं जुनं. आधारकार्ड, फोटो घेऊन जा, डिपॉझिट आणि वर्गणी भरली की सभासद, आणि डिपॉझिट सहसा सोडताना परत मिळतं. पेपर-मासिकं तर बहुतेक सार्वजनिक वाचनालयांत फुकट बसून वाचता येतात, १९६७ च्या महाराष्ट्राच्या ग्रंथालय कायद्यानुसार सरकारी अनुदान असतं ना त्यांना.

मला विचाराल तर आधी काउंटरवरच्या माणसाशी ओळख करा, लहानपणी काय आवडायचं ते सांगा, ते बरोब्बर पुस्तक काढून देतात, मी कितीतरी आवडते लेखक असेच मिळवलेत. डोळ्यांना त्रास होत असेल तर मोठ्या टायपाचं मागा. आणि दिवाळी अंकांची वेगळी योजना असते, तिची चौकशी ऑक्टोबरच्या आधीच करून ठेवा, नंतर चांगले अंक हाती लागत नाहीत.