वॉर्डात गेलं की तोंडच उघडत नाही

"मॅडम, पेपरात सगळं येतं. वॉर्डात गेले की तोंडच उघडत नाही."

फार्म.डी.च्या पाचव्या वर्षाची मुलगी. खुर्चीत बसायच्या आधीच तिने हे सांगून टाकलं आणि मग बराच वेळ ओढणीच्या टोकाशी चाळा करत बसली. (तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) फार्मसीच्या मुलांकडून ही काळजी मी इतक्यांदा ऐकली आहे की यावर एकदा नीट लिहावं असं वाटलं.

ज्यांना हा कोर्स माहीत नाही त्यांच्यासाठी: फार्म.डी. म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसी, ते आपल्याकडे २००८ मध्ये सुरू झालं. पाच वर्षं शिक्षण आणि सहावं वर्ष इंटर्नशिप. इंटर्नशिपमध्ये सहा महिने जनरल मेडिसिन, मग आणखी तीन विभागांत दोन-दोन महिने. त्याआधी दुसऱ्या ते चौथ्या वर्षात फार्माकोथेरप्युटिक्स (कुठल्या आजारावर कुठलं औषध, कसं द्यायचं), चौथ्यात क्लिनिकल फार्मसी (रुग्णाच्या औषधांवर लक्ष ठेवायचं शास्त्र), पाचव्यात वॉर्डातली क्लर्कशिप, म्हणजे रुग्णांमध्ये राहून शिकणं. म्हणजे मुलांना रुग्णापर्यंत पायरीपायरीने न्यायची सोय अभ्यासक्रमात आहे. शेवटच्या पायरीवर मात्र पुष्कळ जण थबकतात.

तिचं काय झालं होतं? क्लर्कशिपच्या दुसऱ्याच आठवड्यात एका बाईंना डिस्चार्ज मिळत होता. त्यांना औषधं समजावून सांगायची होती. हिने सुरुवात केली आणि बाईंचे यजमान म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय सगळं. तुम्ही कोण?" हिला उत्तर सुचलं नाही. त्याच दिवशी एका रेसिडेंट डॉक्टरांनी "फाईल ठेवा, राऊंड चालू आहे" असं सगळ्यांसमोर सुनावलं. तेव्हापासून ती मागे उभी राहायला लागली.

"मग केसेस कशा लिहितेस?" मी विचारलं.

ती रडायला लागली. "फाईलवरून. पेशंटशी न बोलता."

हे तिला कुणालाच सांगता आलेलं नव्हतं. रुग्णाची नोंद लिहिण्याच्या पद्धतीत पहिलाच भाग असतो तो रुग्ण स्वतः काय सांगतो याचा. तो ती डॉक्टरांच्या नोंदींतून उतरवून काढत होती आणि त्यावर मार्कही चांगले मिळत होते. भीतीपेक्षा ही बोच जास्त खोल होती. आपण खोटं काहीतरी करतोय, ही. मी तिला म्हटलं, अगं, ही बोच लागते आहे म्हणजेच तुला हे काम मनापासून करायचं आहे.

मग मी पर्समधली गोळ्यांची डबी काढून टेबलावर ठेवली. "मी पेशंट. बोल माझ्याशी."

आधी तिने पाठ केलेलं म्हणून दाखवलं. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे माझी थायरॉईडची गोळी, कसं काम करतं, अर्धायुष्य किती, वगैरे, सगळं इंग्रजीत. मी थांबवलं. "मला यातलं काही कळत नाही. मला विचार काहीतरी."

"तुम्ही ही गोळी कशी घेता?"

"सकाळी उठल्यावर, चहाबरोबर. आणि ही कॅल्शियमची पण तेव्हाच, म्हणजे विसरायला होत नाही."

ती एकदम ताठ बसली. "मॅडम, खरंच अशी घेता?"

खरंच घेत होते. दोन वर्षं.

"मध्ये तुमचा डोस वाढवला का?"

वाढवला होता, ५० मायक्रोग्रॅमचा ७५ केला होता. तिने डबी हातात घेतली आणि पहिल्यांदाच मराठीत बोलली. कॅल्शियम पोटात त्या गोळीला चिकटून बसतं, मग गोळी अंगाला लागत नाही. दोन्हींत चार तास तरी अंतर हवं. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. मग जरा थांबून म्हणाली, "पण उद्यापासून लगेच बदलू नका. आधी डॉक्टरांना सांगा. गोळी नीट लागायला लागली तर आत्ताचा डोस जास्त होऊ शकतो. बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करावी लागेल."

हे सगळं तिला कुठल्या एका धड्यात मिळालेलं नव्हतं. तिने ऐकलं, जोडलं आणि बोलली. मी तिला एवढंच विचारलं, "आत्ता तोंड कसं उघडलं?" ती म्हणाली, "तुम्ही चुकीची घेत होता ना."

तिथेच आम्हाला वाट सापडली. आपल्याला बोलून दाखवायचं आहे, असं मनात धरून ती वॉर्डात जात होती. तिथे आधी विचारायचं असतं. रुग्णाला विचारायचे तीन प्रश्न तिने चौथ्या वर्षीच परीक्षेत लिहिले होते: औषध कशासाठी आहे म्हणून सांगितलंय, कसं घ्यायला सांगितलंय, आणि त्याने काय होईल म्हणाले. ते आम्ही घरात बोलतो तशा मराठीत बसवले. "तुम्ही कोण?" याचंही उत्तर तयार केलं: "काका, मी फार्मसीची विद्यार्थिनी. काकूंच्या गोळ्यांबद्दल दोन मिनिटं बोलू का?" रोज एकच रुग्ण. शेवटी "कळलं ना?" असं विचारायचं नाही, कारण त्यावर सगळे "हो हो" म्हणतात. "घरी गेल्यावर कशी घ्याल, मला सांगा बरं" असं म्हणायचं.

शिक्षकांना माझी इथे कळकळीची विनंती आहे. रुग्णाला औषधं समजावण्याच्या प्रॅक्टिकलला वर्गमित्रच रुग्ण होतो आणि सगळी उत्तरं शहाण्यासारखी देतो. त्याला एकदा कमी ऐकू येणारे आजोबा करा. सासूच्या वतीने सूनच बोलते आहे, असं करा. शेवटची एसटी गाठायची आहे म्हणून घाईत असलेला माणूस करा. बी.फार्म.ला सातव्या सेमिस्टरला फार्मसी प्रॅक्टिस असतं, डी.फार्म.लाही हॉस्पिटल आणि क्लिनिकल फार्मसी आहे. दुकानाच्या काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुलांनाही हा सराव तितकाच लागतो.

डॉक्टरांचा प्रश्न अवघड होता, अजूनही आहे. राऊंडमध्ये रुग्णासमोर औषधांतली चूक दाखवायची नाही, आधी आपल्या शिक्षकांना दाखवायची, मग बाजूला जाऊन "सर, एवढं बघाल का?" म्हणत लिहिलेली नोंद पुढे करायची, असं आम्ही ठरवलं. पहिली नोंद रेसिडेंटनी मान्य केली नाही. पण का नाही, ते दोन वाक्यांत समजावलं. ते ऐकून ती माझ्याकडे आली तेव्हा हिरमुसलेली नव्हती. त्यांनी सांगितलेलं कारण तिने वहीत लिहून घेतलं होतं.

आता तिची इंटर्नशिप चालू आहे, जनरल मेडिसिनमध्ये. रुग्णांशी बोलताना वेळेचं भान राहत नाही, अशी तिची नवी तक्रार आहे. एका मोठ्या डॉक्टरांसमोर आवाज अजून कापतो. त्यावर आमचं काम सुरू आहे.